रिकामं कशावरून?

सुरुवातीलाच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मला कधी पत्ता लागला नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हळदीत काम करणाऱ्या बाईची बोटं जाड होतात, दोन ओळी लिहिल्या की दुखायला लागतात. त्यातून ही वही मी मागच्या पानापासून लिहिते आहे, कारण पुढची पानं भरलेली आहेत. तिथं काय आहे ते येईलच. कुणाच्या हाती वही लागली तर चुका पोटात घालाव्यात. जिच्याबद्दल लिहिते आहे तिनं मात्र एकही पोटात घातली नसती. चूक दिसली की ती त्यावर बोट ठेवायची, मग ती कुणाचीही असो.

विदुलाताई मूळच्या वाईच्या. माधवनगरात आमच्या डोक्यावरच्या खोलीत भाड्यानं राहायला आल्या तेव्हा तिशीच्या होत्या. सांगलीच्या एका कॉलेजात तासावर शिकवायच्या. बाकीचा दिवस खोलीत बसून स्वतःचं काम. मोठ्या शहरातल्या एका संस्थेत त्यांचं डॉक्टरकीचं काम चाललं होतं, औषधाची डॉक्टरकी नव्हे, अभ्यासाची. शिष्यवृत्ती संपली, काम संपलं नाही, म्हणून इथं.

गल्लीत बातमी पसरली की तारे बघणारी बाई आली. सगळे गच्चीकडे बघत राहिले. दुर्बीण काही आली नाही. उलट रोज नऊच्या ठोक्याला वरचा दिवा बंद. माझ्याबरोबर कामाला येणारी पारूबाई जिन्याखाली उभी राहून म्हणाली, "ही कसली तारं बघती गं? ही तर कोंबड्यांच्या आदी झोपती."

वरून आवाज आला, "माझे तारे डोळ्यांना दिसतच नाहीत, पारूबाई. मग जागून काय करू?"

पारूबाईला वाटलं बाईचं डोकं फिरलंय. मला विचारायचं होतं, पण मी लाजरी. महिनाभर धीर झाला नाही. शेवटी त्यांची इस्त्री उसनी आणायला गेले तेव्हा विचारलं. ताईंनी चालू इस्त्रीची वायर काढली आणि इस्त्री माझ्या गालाशी आणली.

"लाल दिसतेय का?"

"न्हाई. काळीच हाय."

"मग तापली आहे हे कुणी सांगितलं?"

"गालाला लागतंय की."

"माझी दुर्बीण म्हणजे असा गाल. मोठे तारे जन्मतात ते जाड धुळीच्या आत. उजेड बाहेर येतच नाही. पण ती धूळ आतून तापते, आणि तापलेल्या धुळीतून जे निघतं त्याला इन्फ्रारेड म्हणतात. डोळ्यांना दिसत नाही, गालाला कळतं."

मला ते लगेच पटलं. आमच्या गिरणीत कांडपयंत्र चालू झालं की पिवळा धुरळा एवढा दाटतो की वरचा बल्ब दिसत नाही. पण यंत्राजवळून गेलं की तोंडाला धग लागते. मी तसं सांगितलं तर ताई टाळी वाजवून म्हणाल्या, "तुम्ही रोज ज्यात बसता तेच मी बघते."

मोठ्या ताऱ्यांवर त्यांचा फार जीव. म्हणायच्या, "लहान तारे शहाण्यासारखे सावकाश वाढतात. मोठ्यांना दम नाही. धूळ बाजूला व्हायच्या आतच पेटतात, आणि पेटल्यावरही भोवतालचं खातच राहतात. कुणी बाहेर ये म्हणण्याची वाट बघत नाहीत." हे सांगताना ताऱ्याचं सांगतायत की स्वतःचं, असं मला वाटायचं.

त्यांच्या भिंतीवर एका ताऱ्याचं चित्र होतं. मधे पांढरं, भोवती पिवळं, तांबडं, आणि शेजारी एक काळा डाग. त्या डागावरच त्यांचा सगळा प्रबंध होता. ताऱ्यानं शेजारची धूळ फुंकून तिथं खड्डा पाडलाय, असं त्यांच्या सरांनी छापलं होतं आणि जगात त्याचं नाव झालं होतं. माझ्या सासूबाई एकदा वर गेल्या आणि चित्रापुढं हात जोडून आल्या. ताईंनी त्यांना अडवलं नाही.

ताई पांढरेच कपडे घालायच्या. चहा पेल्यात ओतून विसरायच्या आणि गार झाला की तसाच प्यायच्या. सकाळी कुपवाडला जाणाऱ्या कामगारांच्या गाड्या आमच्या रस्त्यानं सुसाट जातात. सगळे बाजूला होतात, ताई सरळ चालायच्या. मी हाताला धरून ओढलं तर म्हणाल्या, "ब्रेक त्यांच्याकडे आहे."

आणि एक शब्द सारखा तोंडात. "कशावरून?" कलिंगडवाला म्हणाला लालभडक आहे, की "कशावरून?" त्याला कापून दाखवावंच लागायचं. आमचे हे पलटणीतून पेन्शनवर आलेले, घरात त्यांना उलट विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा अंगणात म्हणाले, "आज पाऊस येत न्हाई." ताई कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "कशावरून?" पुढच्या महिन्यात मी बघते तर आमचे हे टीव्हीवरच्या बातम्यांना विचारतायत, "कशावरून रं?"

मला त्यांनी ही वही दिली. "रोज पाच ओळी लिहा, शालनताई. मनात येईल ते."

मनात पुष्कळ यायचं, पण कागदावर आणायची लाज वाटायची. कुणी वाचलं तर? मग मी युक्ती केली. आमच्या रांगेत आम्ही पाच बायका हळद निवडतो. पाच ओळी, पाच बायका. कुणी किती पोती निवडली तेवढंच लिहायचं. तारीख, नाव, पोती. ताईंनी एकदा वही उघडून बघितली. वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, "हे उत्तम आहे. सोडू नका." दोन हंगाम मी ते सोडलं नाही.

आता पोत्याचं सांगते.

गिरणीत आम्ही हळकुंडं निवडायचो, गठ्ठे म्हणजे गोल गड्डे वेगळे, कणी म्हणजे बारीक तुकडे वेगळे. निवडलेला माल कोऱ्या पोत्यात भरून काट्यावर ठेवायचा. काट्याशेजारी खिळ्याला एक रिकामं पोतं टांगलेलं असायचं. दिवाणजी त्याचं वजन भरल्या पोत्यातून वजा करायचे आणि उरेल त्याचे किलोला तीन रुपये आमच्या नावावर मांडायचे. बारदान वजा करायचं ही सगळ्या बाजाराची रीत आहे, त्यात वावगं काही नाही. ते टांगलेलं पोतं मी नऊ वर्षं बघत होते.

जानेवारीत एके दिवशी ताई खोलीची किल्ली आत ठेवून कुलूप लावून बसल्या. दुसरी किल्ली माझ्याकडं असायची, ती मागायला गिरणीत आल्या. माझं वजन चाललं होतं, म्हणून उभ्या राहिल्या.

"ते टांगलंय ते काय?" त्यांनी दिवाणजींना विचारलं.

"बारदान. रिकामं पोतं. वजनातनं कापायचं असतंय."

"रिकामं कशावरून?"

दिवाणजी हसले. "आवं बाई, डोळ्यांनी दिसतंय की. आत काय हाय का?"

ताईंनी पोतं खिळ्यावरून काढून काट्यावर टाकलं. एक किलो चारशे. मग ते उलटं केलं आणि भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा, दहादा. विणीत बसलेली हळद अशी उडाली की आम्ही सगळ्या खोकायला लागलो. ताईंचे पांढरे कपडे पिवळे झाले, पापण्यासुद्धा. मग पोतं पुन्हा काट्यावर. नऊशे.

"अर्धा किलो," ताई म्हणाल्या. "प्रत्येक पोत्यामागं ह्यांचं अर्धा किलो काम तुम्ही कापताय."

दिवाणजींचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. "अर्ध्या किलोची मजुरी दीड रुपया. दीड रुपयासाठी एवढा धुरळा?"

"दीड रुपया त्यांचा आहे. मोठा की लहान ते त्या ठरवतील."

मी पोत्यांच्या थप्पीमागं लपले होते. दिवाणजींनी मला बरोबर हुडकलं. "शालन, उद्यापास्नं मास्तरणीला संगं घेऊनच ये. न्हाईतर येऊच नको." आणि खिळ्याला दुसरं पोतं टांगलं, तेही पहिल्यासारखंच पिवळं.

आठ दिवस मी घरी बसले. पहिल्या दिवशी जिन्यात ताईंना गाठलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणावर ओरडले. "तुमचं काय जातंय वो ताई? काम माजं गेलं. मी सांगितलं व्हतं का भांडायला?"

वाटलं, म्हणतील कशावरून. त्या खाली बघत उभ्या राहिल्या. "खरं आहे. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं." आणि वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच हाक मारली. भिंतीवरचं चित्र काढून टेबलावर पसरलं होतं. डोळे सुजलेले.

"शालनताई, मी दुसऱ्याचं पोतं झटकलं. माझं स्वतःचं सात वर्षं खिळ्याला आहे."

मला समजेना. मग त्यांनी समजावलं, आणि ते मला असं समजलं. त्या न दिसणाऱ्या उजेडात आकाशसुद्धा तापलेलं दिसतं, दुर्बीणही तापलेली दिसते. पेटत्या भट्टीत उभं राहून लांबची उदबत्ती शोधायची, तसं. म्हणून दुर्बिणीतला आरसा सारखा इकडून तिकडं हलतो. एकदा तारा, एकदा शेजारचं रिकामं आकाश. मग ताऱ्यातून रिकामं वजा करायचं. उरेल तो खरा तारा.

"आणि रिकामी जागा कोन ठरवतंय?"

"मी ठरवली होती. परदेशात, त्या उजाड डोंगरावरच्या दुर्बिणीपाशी. चोवीस वर्षांची होते. सर म्हणाले, बघ जवळपास एखादी मोकळी जागा. मी बोट दाखवलं, ही मोकळी आहे. मला कुणी कशावरून विचारलं नाही. मीही नाही."

आभाळाच्या वर फिरणारी एक दुर्बीण असते, ती थंड असते, तिला अशी शेजारची जागा वजा करावी लागत नाही. तिची चित्रं कुणालाही बघता येतात. मोबाइलचं इंटरनेट जोडून ताईंनी ती तीन दिवस उतरवली. चौथ्या दिवशी मला दाखवलं. तारा होता, आणि थोड्या अंतरावर, त्यांनी बोट दाखवलेल्या जागी, फिकट तांबूस धूर पसरला होता.

"ही माझी रिकामी जागा," ताई म्हणाल्या. "पोत्यात हळद. ही धूळ मी वजा केली, म्हणून चित्रात तेवढा काळा खड्डा पडला. तारा बिचारा काही पोखरत नव्हता."

खड्डा खोटा निघाला तर प्रबंधाची तीन प्रकरणं पाण्यात. मुदत मार्चअखेर. त्यानंतर नाव रद्द, सात वर्षं रद्द. आणि सरांच्या सहीशिवाय काहीच पुढं जात नाही.

सरांचा फोन आला तेव्हा मी वर ज्वारी निवडत होते. फोन मोठ्या आवाजावर टाकून ताई खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. सर वाईट माणूस वाटले नाहीत, दमलेले वाटले.

"विदुला, त्या खड्ड्यावर लोकांनी पुढचं काम केलंय. आता तू म्हणतेस खड्डाच नाही."

"मी नाही म्हणत, सर. दुसरी दुर्बीण म्हणतेय."

"आधी डिग्री घे. दोन वर्षांनी लिही हळूच. कोण अडवतंय?"

"डिग्री त्या खड्ड्यावरच मिळणार ना? तो नाही हे मला माहीत आहे."

"चूक तुझी होती हे लिहावं लागेल."

"पहिल्याच ओळीत लिहिलंय."

मग सर म्हणाले, "माझी सही मिळणार नाही."

"ठीक आहे," ताई म्हणाल्या. फोन ठेवला आणि माझ्या सुपातली मूठभर ज्वारी तोंडात टाकली. कच्चीच चावत बसल्या.

फेब्रुवारीत आईला भेटायला वाईला निघाल्या तेव्हा मला म्हणाल्या, चला बरोबर. तोवर मला गिरणीत पुन्हा बोलावणं आलं होतं, हंगामात माणूस मिळत नाही म्हणून, पण मी एक दिवस रजा टाकली. साताऱ्याला गाडी बदलून वाई. त्यांच्या आईनं आम्हाला घाटावर नेलं. पायऱ्यांवर बसून कृष्णेत पाय सोडले आणि आईनं तोंड सोडलं.

"लग्न नको म्हणालीस, मी गप्प बसले. नोकरी सोडलीस, गप्प बसले. आता मिळत असलेली डिग्री नको! शालनताई, तुम्ही तरी सांगा हिला."

मी वाकून पाय धुवायला लागले.

"एवढी वर्षं ती चूक कुणाला दिसली होती का?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"मला दिसली, आई."

आई उठल्या, लुगड्याचा काठ पिळला. "बापावर गेलीस," म्हणाल्या आणि चार पायऱ्या चढून पुन्हा वळल्या. "जेवायला काय करू?"

मार्चच्या शेवटच्या दिवशी कॉलेजातून आल्यावर ताईंनी ज्या मासिकात सरांचं छापलं होतं त्यांना दुरुस्ती पाठवली. स्वतःच्या एकटीच्या नावानं. बटण दाबायच्या आधी मला पहिली ओळ मराठीत वाचून दाखवली: "रिकामी म्हणून धरलेली जागा मी निवडली होती आणि ती रिकामी नव्हती." मग बटण दाबलं. मुदत त्याच संध्याकाळी संपली.

त्या नऊला झोपल्या. मला झोप येईना. ज्या बाईचं सगळं जाणार होतं तिनं स्वतःचं पोतं स्वतः झटकलं, आणि मी नऊ वर्षं दुसऱ्याचं पोतं बघत थप्पीमागं उभी.

सकाळी गिरणीत गेले. वजनाची माझी पाळी आली. खिळ्यावरचं पोतं काढलं आणि भिंतीवर आपटायला उगारलं. दिवाणजी धावत आले. "ए शालन, खुळी झालीस का?"

"रिकामं कशावरून?" मी म्हटलं. आवाज एवढा बारीक आला की त्यांना ऐकू गेला नाही. म्हणून पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. मागून पारूबाई म्हणाली, "व्हय की. कशावरून?" मग रांगेतल्या सगळ्याच.

गलका ऐकून शेठ बाहेर आले. म्हातारा माणूस, बोलायला कमी. पोतं झटकण्याआधीचं आणि नंतरचं वजन त्यांनी स्वतः बघितलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"नऊ वर्सं तरी मी बघतीया."

"कुणाचं किती गेलं, त्याचा काय पुरावा?"

मी पिशवीतून वही काढली. तारीख, नाव, पोती. दोन हंगामांच्या पाच-पाच ओळी. शेठनी चष्मा लावून पानं उलटली. माझं अक्षर त्यांना लागत नव्हतं, मी बोट ठेवून वाचून दाखवत होते. भर दुपारी, सगळ्यांसमोर, मी वाचत होते. शेवटी ते दिवाणजींना म्हणाले, "वहीत हाय तेवढं सगळं द्यायचं. दर शनिवारी थोडं थोडं. आणि नवं कोरं पोतं टांगा." आदल्या वर्षांचं वहीत नव्हतं, ते गेलंच.

ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी वही मागून घेतली आणि पोत्यांचे आकडे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले, गोष्ट वाचावी तसे.

जूनमध्ये मासिकाचं उत्तर आलं. मासिकानं ज्या जाणकाराला ती तपासायला दिली होती त्यानं स्वतःच्या नोंदी काढून बघितल्या होत्या. त्यालाही तिथं धूळ सापडली. दुरुस्ती छापणार होते. चार दिवसांनी सरांचा फोन. मी ऐकला तेवढा एवढाच: "मुदतवाढ मागितली आहे. एक वर्ष. सगळं पहिल्यापासून लिहावं लागेल." आणि मग, "त्या दुरुस्तीत माझंही नाव घाल."

संस्थेत परत जाऊन लिहायचं म्हणून ताईंनी खोली सोडली. मी सांगली स्टँडवर पोचवायला गेले. अंगात तोच पांढरा कुडता, खांद्यावर हळदीचा डाग, तीन वेळा साबण लावूनही न गेलेला. गाडी भरलेली. कंडक्टर म्हणाला, "बाई, तिसरी सीट रिकामी हाय, बसा की."

"कशावरून?" ताई म्हणाल्या आणि सीटवर कुणीतरी खिडकीतून टाकलेला रुमाल दाखवला. अख्खी गाडी हसली. रुमालाचा मालक काही पुढं आला नाही, आणि ताई काही बसल्या नाहीत. गाडी स्टँडाबाहेर वळली तेव्हा त्या वरची दांडी धरून उभ्याच होत्या, ताठ, आणि कंडक्टरला काहीतरी समजावत होत्या.

पुढच्या शनिवारी आमचा शेवटचा हप्ता होता. दिवाणजींनी पाच जणींच्या पुढं नोटा ठेवल्या. "झालं बाई तुमचं. फिटलं सगळं."

"मोजून सांगते," मी म्हटलं.

पारूबाईनं कोपरानं ढोसलं. दिवाणजी उभे राहिले. मी खाली बसले, वही उघडली आणि प्रत्येकीच्या नावापुढं पैसे मोजून रेघ मारली. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी माझी.

"फिटलं," मी म्हटलं. कुणाचाही एक रुपया राहिला नव्हता.